क्रशरच्या वॉशिंग प्लँटचा गाळ, ह्याचं काही करता येईल का?

वाघोलीकर_८८
नमस्कार मंडळी, मामांचा वाघोलीच्या पुढे खडी क्रशर आहे. खडी, क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) हातोहात जाते पण वाळू धुतल्यावर जो काळा गाळ निघतो तो पडूनच, मागे आता पुरुषभर उंच ढीग झालाय. दिवाळीनंतर वाळला की पिठासारखा उडतो आणि शेजारच्या शाळूवर बसतो. परवा ते शेतकरी काका आले, एक पान बोटाने पुसलं आणि बोट माझ्यासमोर धरलं, काहीच बोलले नाहीत. मामा म्हणतात जुन्या खड्ड्यात ढकलू. मला ते पटत नाहीये. विटा, ब्लॉक असं काही होतं का ह्याचं?

क्यूसी_भोसरी
दादा आधी हे बघा की तो गाळ नुसती दगडाची पूड आहे की त्यात माती आहे, सगळं त्यावरच ठरतं. आपला दगड बेसॉल्ट, वरच्या थरात मुरूम आणि कुजका दगड, त्यातली माती ओली झाली की फुगते आणि सुकली की आकसते, मग ब्लॉकला तडे. लॅबमध्ये मिथिलिन ब्लू टेस्ट करून घ्या. गाळ पाण्यात ढवळत थोडा थोडा निळा रंग टाकतात आणि दर वेळी कांडीने एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवतात. डागाभोवती फिकट निळं कडं टिकून राहिलं की थांबायचं. माती जास्त तितका रंग जास्त पिते.
आणि पूड स्वच्छ निघाली तर मुळात इतकं धुताय कशाला? आयएस ३८३ (२०१६), म्हणजे काँक्रीटच्या खडी-वाळूचं भारतीय मानक, त्यामध्ये क्रश सँडला १५० मायक्रॉनखालचा माल २० टक्क्यांपर्यंत चालतो, नदीच्या वाळूला साधारण १०. वरचा मुरूम आधीच नीट काढला तर निम्मा ढीग तयारच होणार नाही.

पेव्हरवाला_चाकण
आम्ही हा गाळ वापरून बघितलाय. पहिल्या घाण्यात हावरटपणा केला, वाळूच्या जागी तिसरा हिस्सा गाळ. मिक्सने पाणी इतकं ओढलं की ब्लॉकच्या कडा हाताने सुटायला लागल्या. आता दहा टक्क्यांच्या आत ठेवतो, सोबत ॲडमिक्श्चर (काँक्रीटमध्ये मिसळायचं रसायन), आणि माल छान गुळगुळीत येतो. माती जास्त असेल तर चुना घालून दाबाच्या मशीनवर मातीचे ब्लॉक करा, कंपाऊंडला चालतील, पण आधी पाण्यात भिजवून बघा.

वैदर्भी_कोथरूड
मी मूळची नागपूरची. तिकडे वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स, सरकारी कोळसा कंपनी) कोळसा खाणीच्या ओव्हरबर्डनमधून, म्हणजे कोळशावरच्या काढून टाकलेल्या माती-दगडातून, रेती काढते, आधी त्याचे नुसते डोंगर असायचे. तुमचा गाळ त्यामानाने साधा आहे हो, दगडच तो. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल चिखल बघा, त्यातल्या कॉस्टिकमुळे हात भाजतो, २०१० मध्ये हंगेरीत त्याचा बांध फुटून दहा माणसं गेली. साठवून ठेवणं हा उपाय नाहीच.
मामांना कोणी शेतात टाका म्हणेल, ऐकू नका. काळ्या रानात एवढा बारीक माल गेला तर पाणी धरून बसेल.

वाघोलीकर_८८
सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच ढिगाच्या वर, मधे, खाली असे वेगवेगळे नमुने काढतो आणि टेस्टला देतो. तोवर ढिगावर हिरवी नेट टाकून दोन वेळ पाणी मारायला मामा तयार झालेत, काकांना पण सांगून आलो.