माळढोक आणि व्हेल शार्क

माळढोक हा माळरानावरचा मोठा पक्षी, व्हेल शार्क हा समुद्रातला महाकाय मासा; म्हणून त्यांची तुलनाच होऊ शकत नाही असं कुणी म्हणतं, ते काही पटलं नाही. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका व्हेल शार्क मादीच्या पोटात ३०० पिल्लं निघाली होती! माळढोकाची मादी बिचारी उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालते. भटक्या कुत्र्यानं ते फोडलं की हंगाम गेलाच. पण दोघांनाही नडतात त्या माणसानं टांगलेल्या दोऱ्याच: एकाला जाळं, दुसऱ्याला वीजतार. जाळं निदान कापता येतं. गुजरातेत कोळी 'व्हाली'ला (व्हेल शार्कचं तिथलं नाव) असंच सोडतात, वर कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळते. माळढोकाचे डोळे पडले बाजूला, समोरची तार दिसते उशिरा, आणि नराचं बारा-पंधरा किलोचं धूड ऐनवेळी वळणार कसं? तारा जमिनीखाली घाला म्हटलं की खर्चाची रड सुरू होते.