लालबागच्या बाद निगेटिव्ह : स्कॅन कशा कराव्यात?

लालबागकर३५
१९८६-८७च्या सुमारास लालबाग-परळमध्ये कृष्णधवल फोटो काढायचो. काँटॅक्ट शीटवर, म्हणजे सगळ्या निगेटिव्ह एकत्र छापलेल्या कागदावर, लाल पेन्सिलीची फुली पडली की फ्रेम बाद. मला चेहरे हवे असायचे. मध्ये बस आली, मागे पाटी दिसली की फुली. गेल्या आठवड्यात त्याच फ्रेम भिंगाखाली घेतल्या आणि जागचं उठवेना. एकीत डबलडेकर अर्धी आत घुसलीय, मागे गिरणीची चिमणी, डावीकडे खाणावळीच्या दारात चपलाच चपला, उंबऱ्यापासून पार गटारापर्यंत. ज्याच्यासाठी फोटो काढला तो चेहरा हललाय. चपलांचे झिजलेले अंगठे मात्र लख्ख दिसतात.

स्टुडिओत स्कॅन करून घेतलं तर धूळ काढण्याच्या नादात चेहऱ्यांवर डाग पडले. शिवाय निगेटिव्हच्या काही पट्ट्या वाकल्यात, व्हिनेगरसारखा वास येतो. काय करू?

डार्करूमवाला
धूळ काढणारा इन्फ्रारेड पर्याय बंद करायला सांगा. कृष्णधवल फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, स्कॅनर तिलाच धूळ समजतो. त्यापेक्षा निगेटिव्ह एलईडी लाइट पॅनेलवर ठेवून, कॅमेऱ्याला अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स लावून घरीच तिचा फोटो काढा. आधी ब्लोअरने धूळ उडवा, कपड्याने पुसू नका.

वास येतोय त्या पट्ट्यांचा ॲसिटेट बेस, म्हणजे फिल्मचा मूळ प्लास्टिकचा थर, कुजतोय. त्यावर इलाज नाही, आणि ती वाफ शेजारच्या पट्ट्यांनाही बाधते. म्हणून त्या आजच वेगळ्या काढा आणि आधी त्यांचंच स्कॅनिंग करा. हवाबंद डब्यात नको, कागदी पाकिटात, थंड कोरड्या जागी ठेवा.

काळाचौकीची_लेक
दादा, कृपा करून ती बस क्रॉप करू नका. माझी आजी खाणावळ चालवायची, गिरणीतली माणसं पाळीप्रमाणे जेवायला यायची. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच बायकांसाठी. आमच्याकडे आजीचा लग्नातला फोटो आहे, खाणावळीचा एकही नाही. प्रत्येक फ्रेमला रस्ता आणि अंदाजे साल आत्ताच लिहून ठेवा, आठवतंय तोवर.

लालबागकर३५
वासाच्या पट्ट्या वेगळ्या काढल्या, इन्फ्रारेडचं कोडंही सुटलं. ताई, ती फ्रेम उद्या इथे टाकतो. खाणावळीच्या पाटीवरचं नाव बसने अर्धं झाकलंय, ‘...ई भोजनालय’ एवढंच वाचता येतं. पाटीखाली नऊवारीतली एक बाई पाठमोरी उभी आहे. घरातल्या मोठ्यांना दाखवा, कुणी ओळखलं तर नाव लिहून ठेवीन.