जुन्या पिक्सेल ३ए वर उबुंटू टच: एकमेव फोन म्हणून वापरता येईल का?

कोकणकडा (प्रश्न)

माझ्याकडे २०१९ सालचा पिक्सेल ३ए खणात पडून आहे. अँड्रॉइडची अधिकृत अद्यतने त्याला २०२२ नंतर मिळालेली नाहीत, पण पडदा आणि कॅमेरा अजून ठणठणीत आहेत. घरच्या लॅपटॉपवर मी बरीच वर्षे लिनक्सच वापरत असल्याने या फोनवर उबुंटू टच ही लिनक्सवर आधारलेली फोन-प्रणाली घालून पाहावे, असे मनात आहे. उबुंटू टच सांभाळणाऱ्या यूबीपोर्ट्स या गटाच्या यादीत हा फोन आहे, त्यामुळे ते बसेल की नाही ही शंका नाही. कॉल, ओटीपीचे संदेश, व्हॉट्सअ‍ॅप, यूपीआय आणि नकाशा एवढीच माझी रोजची गरज आहे. ती भागवून हा माझा एकमेव फोन होऊ शकेल का, की दुसरा सोबत बाळगावाच लागेल? सिम जिओचे आहे. ज्यांनी स्वतः वापरून पाहिले आहे त्यांनी बसवतानाच्या अडचणींसह लिहावे, ही विनंती.

निवांत_कीबोर्ड

याच फोनवर मी वर्षभर उबुंटू टच वापरत आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये हा प्रकल्प सोडून दिल्यावर यूबीपोर्ट्सच्या स्वयंसेवकांनी तो उचलला आणि आजवर चालवला. कॅमेरा, मोडेम, ध्वनी यांचे ड्रायव्हर ते नव्याने लिहीत नाहीत; हॅलियम नावाच्या थरामार्फत अँड्रॉइडचेच ड्रायव्हर वापरतात. म्हणूनच पिक्सेल ३ए वर आधी अँड्रॉइड ९ परत घालावे लागते आणि मगच उबुंटू टच बसवता येते. अँड्रॉइड १२ वरून थेट उडी मारू नका. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग, त्याचे कुलूप उघडताच फोनवरचे सगळे पुसले जाते, तेव्हा छायाचित्रे आधीच उतरवून घ्या.

माझी पहिली संध्याकाळ केबलने खाल्ली. इन्स्टॉलर ‘उपकरणाची वाट पाहत आहे’ या ओळीवरून पुढे सरकेना. ड्रायव्हर बदलले, लॅपटॉप बदलला, आणि शेवटी लक्षात आले की पॉवर बँकेसोबत आलेल्या त्या केबलमधून केवळ चार्जिंग होते, डेटा जातच नाही. दुसरी केबल लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत काम झाले.

वापराची सवय दोन दिवसांत होते. डाव्या कडेवरून बोट आत ओढले की अ‍ॅपची पट्टी उघडते, उजव्या कडेवरून ओढले की चालू अ‍ॅप पत्त्यांसारखी पसरतात. टर्मिनलमध्ये सुडोला (प्रशासकाचे अधिकार देणाऱ्या आज्ञेला) पासवर्ड म्हणून पडद्याच्या कुलपाचाच पिन चालतो, याचे मला पहिल्यांदा फार अप्रूप वाटले होते. मात्र मूळ फाइल प्रणाली केवळ वाचता येण्याजोगी ठेवलेली असते, त्यामुळे लॅपटॉपच्या सवयीने एप्टी या आज्ञेने पॅकेजे घालत सुटू नका. पुढच्या अद्यतनात ती पुसली जातील. नकाशासाठी प्युअर मॅप्स पुरेसे आहे आणि ओएसएम स्काउट सर्व्हर सोबत घातल्यास नेटवर्क नसतानाही मार्ग सापडतो.

आता यूपीआय. त्याचे अ‍ॅप नोंदणीच्या वेळी त्याच फोनमधल्या सिमवरून एक संदेश पाठवून खाते आणि फोन यांची सांगड घालते. उबुंटू टचमध्ये अँड्रॉइडची अ‍ॅप वेड्रॉइड नावाच्या कंटेनरमध्ये चालतात आणि त्या कंटेनरला सिमपर्यंत हात पोहोचवता येत नाही. शिवाय अनेक बँकांची अ‍ॅप फोन प्रमाणित आहे की नाही हे तपासतात, तिथेही हा फोन अडतो. या एकाच कारणासाठी माझ्या खिशात दुसरा फोन आहे.

तारायंत्र

वरच्या प्रतिसादात सिमचा मुद्दा राहून गेला आहे, आणि माझ्या मते प्रश्नकर्त्यांसाठी तोच सर्वांत मोठा आहे. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती थेट ४जीवर. २जी किंवा ३जीचे जाळे त्यांनी कधी उभारलेच नाही, त्यामुळे तिथे प्रत्येक कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जीच्या डेटा जाळ्यावरूनच जातो. उबुंटू टचमध्ये व्होल्टी फार थोड्या फोनांवर चालते. ज्या फोनवर ती चालत नाही, तिथे जिओच्या सिमवर इंटरनेट चालेल, पण कॉल लागणारही नाही आणि येणारही नाही.

एअरटेलचे २जी अजून चालू आहे, त्यामुळे ते सिम घातल्यास कॉल येताच फोन ४जीवरून खाली उतरतो आणि बोलणे होते. तेवढा वेळ इंटरनेट मात्र थांबते. म्हणून लगेच पोर्ट करू नका. आधी कुणाचे तरी सिम दोन दिवस मागून घ्या आणि तुमच्या घरात, आतल्या खोलीत, २जीचा सिग्नल कसा येतो ते पाहा.

उंबरठा

पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या दुसऱ्या लिनक्स प्रणालीचाही विचार व्हावा, असे सुचवतो. अल्पाइन या लिनक्सच्या हलक्या आवृत्तीवर आधारलेला हा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे आणि फोन दहा वर्षे टिकावा हे त्याचे ध्येय आहे. शक्य तिथे तो मुख्य धारेतला लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा) वापरतो, म्हणजे फोन बनवणाऱ्याच्या जुन्या ड्रायव्हरांवर विसंबत नाही. तत्त्व म्हणून मला हाच मार्ग योग्य वाटतो, परंतु अनेक फोनांवर कॅमेरा किंवा कॉल अपुरे असतात, हे मान्य करावे लागेल. शिकायचे असेल तर हा, वापरायचे असेल तर उबुंटू टच.

कोकणकडा

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे. केबल तपासूनच बसलो होतो, त्यामुळे काम पहिल्याच फटक्यात झाले. बहिणीचे एअरटेल सिम चार दिवस घातले होते: हॉलमध्ये कॉल स्वच्छ येतात, स्वयंपाकघरात मात्र आईचा फोन दोनदा तुटला आणि तिसऱ्यांदा तिने लॅण्डलाइनवर केला. व्हॉट्सअ‍ॅप रोजच्याच फोनवर ठेवून इथे वेबवरून जोडले आहे. मूळ फोन चौदा दिवसांत एकदा तरी उघडावा लागतो, तेवढे पाळतो. थोडक्यात जिओचे सिम आणि यूपीआय रोजच्या फोनवरच राहिले आणि पिक्सेल वाचन, टिपणे आणि नकाशा यांसाठी वाय-फायवर चालतो. एकमेव फोनचा हट्ट सोडला.

एक शंका उरली. पुढे कधी अँड्रॉइडवर परतायचे झाल्यास बूटलोडर पुन्हा बंद करणे सुरक्षित आहे का?

निवांत_कीबोर्ड

आहे, पण क्रम चुकवू नका. आधी गूगलची मूळ प्रतिमा (अँड्रॉइडची संपूर्ण फाइल) पूर्ण घाला, फोन एकदा व्यवस्थित सुरू होऊ द्या, आणि नंतरच बूटलोडर बंद करा. कुलूप लावताना माहिती पुन्हा एकदा पुसली जाईल. उबुंटू टच आत असताना कुलूप लावले, तर फोनला आतली प्रणाली अनोळखी वाटते आणि तो सुरूच होत नाही.