शब्दचर्चा : विकर, वितंचक, विरजण की एंझाइम?

प्रश्न :

सोलापुरात टॉवेलच्या प्रोसेस हाऊसमध्ये मी पाळीप्रमुख म्हणून काम करतो. विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, कारण त्याशिवाय ते मागावरच्या घर्षणात टिकत नाही. पण तीच खळ कापडात राहिली तर रंग एकसारखा बसत नाही आणि टॉवेल पाणी टिपत नाही. म्हणून रंगाईच्या आधी गरम पाण्यात एंझाइम घालून ती उतरवावी लागते. या कामाची सूचना मला फळ्यावर मराठीत लिहायची आहे. आमच्या खात्यात कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी कन्नड, तर कोणाच्या घरी दखनी बोलली जाते आणि कामावरची समाईक भाषा मराठी आहे. त्यामुळे शब्द अचूक हवा, तसाच सर्वांना कळणाराही हवा. मुलाच्या पाठ्यपुस्तकात ‘विकर’ आहे, जुन्या परिभाषेत ‘वितंचक’ आढळले आणि एका सहकाऱ्याने ‘विरजण’ सुचवले. शिवाय पाणी फार तापले की आमच्याकडे ‘एंझाइम मेले’ असे म्हणतात. तसे लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर :

मी शाळेत विज्ञान शिकवते. ‘विरजण’ या शब्दापासून सुरुवात करते, कारण त्यातली गफलत फार जुनी आहे आणि मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही ती झालेली आहे. विरजणात जिवंत जिवाणू असतात. ते दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिन गोठते आणि दही लागते. हे काम जिवाणू आपल्या पेशींतील विकरांच्या साहाय्यानेच करतात, हे खरे. तरी विरजणातला जिवाणू हा जीव आहे आणि विकर हा त्या जीवाने बनवलेला रेणू आहे. चमचाभर विरजणाचे पातेलेभर दही होते आणि त्याच दह्यातून उद्याचे विरजण निघते. विकर अभिक्रियेत खर्ची पडत नाही, पण ते स्वतः वाढतही नाही.

पायां आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये मोड आलेल्या सातूपासून पिष्टाची साखर करणारा पदार्थ वेगळा काढला होता. तरीही पुढे कित्येक वर्षे असे पदार्थ आणि जिवंत यीस्ट या दोहोंना ‘फर्मेंट’ हे एकच नाव चालत असे. हा घोटाळा दूर व्हावा म्हणून विल्हेल्म क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने १८७० च्या दशकात ‘एंझाइम’ हा शब्द घडवला. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘यीस्टच्या आत’ असा होतो. नंतर १८९७ मध्ये एदुआर्ट बुकनर यांनी यीस्ट घोटून, दाबून काढलेल्या रसाने, त्यात एकही जिवंत पेशी नसताना, साखरेचे अल्कोहोल करून दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९०७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जो गोंधळ निस्तरण्यासाठी हा शब्द जन्मला, तोच आपण ‘विरजण’ म्हणून मराठीत पुन्हा आणू नये, असे मला मनापासून वाटते.

आता ‘मेले’ या शब्दाविषयी. जे मुळात जिवंत नाही ते मरणार कसे, हा आक्षेप बरोबर आहे. बहुतेक विकरे ही प्रथिने असतात आणि त्यांचे सारे सामर्थ्य त्यांच्या विशिष्ट घडीत असते. उष्णतेने ती घडी उलगडली की अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गत होते, निवल्यावर तो पूर्वीसारखा पातळ होत नाही. थंडीत मात्र विकर नुसते मंदावते आणि ऊब मिळताच पुन्हा काम करू लागते. पुस्तकी ‘निष्क्रिय’ हा शब्द या दोन्ही अवस्थांना लागू पडू शकतो, म्हणून इथे तो अपुरा आहे. आपल्या कामगारांच्या ‘मेले’ या शब्दात पुन्हा न परतण्याचा जो अर्थ आहे तो जपलाच पाहिजे. ‘कायमचे निकामी होते’ असे लिहावे, असे मी सुचवेन.

आपण खळ उतरवण्यासाठी वापरता ते विकर म्हणजे अमायलेज. खळीतील पिष्ट आणि कापसातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्यांचे बनलेले असतात, पण कड्या जोडण्याची तऱ्हा निराळी असते, आणि अमायलेज फक्त पिष्टाची जोडणी तोडते. आम्लानेही खळ उतरते. मात्र आम्लाला हा विवेक नसल्यामुळे सूतही कमकुवत होते. अमायलेज आपल्या लाळेतही असते. आपल्याकडची कडक भाकरी कोरडीच तोंडात घेऊन बराच वेळ चावत राहिल्यास हळूहळू गोडसर लागते, ती त्यामुळेच. वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करवून घेते.

आणखी एक उत्तर :

बाईंच्या विवेचनाला भाषेच्या बाजूने थोडी जोड देतो. ‘वितंचक’ या शब्दात मला संस्कृतातील ‘तञ्च्’ हा गोठण्याचा धातू दिसतो. दूध विरजण्याच्या द्रव्याला वैदिक वाङ्मयात ‘आतञ्चन’ म्हटले आहे. म्हणजे हा भारदस्त शब्दही शेवटी दह्यापाशीच येतो. कोणी ‘किण्व’ सुचवल्यास तोही टाळावा, कारण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो मद्य आंबवण्याच्या द्रव्यासाठी आला आहे. ‘विकर’ या शब्दात केवळ बदल घडवण्याचा अर्थ आहे, पदार्थ कशाचा बनला आहे याविषयी तो काही सांगत नाही, आणि ते सोयीचेच आहे. कारण काही आरएनए रेणूही असेच काम करतात असे आढळले आणि त्या शोधासाठी १९८९ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

विकर हे उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा वेग वाढवणारे द्रव्य असते, पण प्रत्येक उत्प्रेरक विकर नसतो. वनस्पती तूप बनवताना वापरले जाणारे निकेल हे त्याचे उदाहरण. ‘संप्रेरक’ म्हणजे हॉर्मोन, त्याचा इथे संबंध नाही. शब्द नपुंसकलिंगी आहे : ते विकर, ती विकरे. फळा रंगवणाऱ्याकडून ‘विकार’ होणार नाही, एवढे अवश्य पाहावे.

प्रश्नकर्ता :

बाई आणि सर, दोघांचेही आभार. फळ्यावर पुढील मजकूर लिहिला आहे : ‘एंझाइम म्हणजेच विकर घालण्याआधी पाण्याचे तापमान पाहावे. डब्यावर दिलेल्या मर्यादेपेक्षा पाणी जास्त तापल्यास विकर कायमचे निकामी होते आणि पाणी निवल्यावरही खळ उतरत नाही. धुतलेल्या कापडावर आयोडीनचा थेंब टाकावा. निळा डाग उमटला तर खळ शिल्लक आहे.’ आमच्या खात्यातील सर्वांत ज्येष्ठ कामगारांच्या घरी तेलुगू बोलतात. त्यांना ‘विकर’ समजावून सांगावे लागले, पण ‘निकामी’ त्यांनी लगेच ओळखले. पूर्वी हातमागावर असताना झिजलेल्या धोट्याला ते हाच शब्द वापरीत असत.