अडीचच्या वायरचा रोध
भाऊ, गच्चीपर्यंतच्या अडीच चौ. मिमीच्या तांब्याच्या वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा) काढताना तुमचं उत्तर ०.००००००४ ओहम इतकं कमी आलं तिथेच शंका यायला हवी होती. गच्चीपर्यंत ३० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ६० मीटर, हे तुम्ही बरोबर धरलं (बहुतेक जण परतीची वायर विसरतात). सूत्रही बरोबर: रोध = रोधकता (त्या धातूचा विजेला अडवण्याचा गुण) × लांबी ÷ क्षेत्रफळ. चूक एककांत आहे: तांब्याची रोधकता १.७२ × १०⁻⁸ ओहम-मीटर घेतली आणि क्षेत्रफळ मात्र २.५ चौरस मिलिमीटर तसंच ठेवलं. १ चौ. मिमी म्हणजे १०⁻⁶ चौ. मीटर. १०⁻³ नव्हे, इथेही पुष्कळ जण घसरतात. मी तर सरळ ०.०१७२ ओहम·चौ. मिमी प्रति मीटर हाच आकडा वापरतो, घोळच नको. ०.०१७२ × ६० ÷ २.५ = ०.४१ ओहम.

हा झाला २० अंश सेल्सिअस तापमानाचा हिशेब. आपल्या नागपुरात मे महिन्यात गच्चीवर ४५ अंश सहज. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे ०.४५ ओहम धरा. ८ अँपिअरच्या एसीला वायरमध्येच साडेतीन-पावणेचार व्होल्ट कमी होतील, चालतं. कूलरला तर काहीच नाही. आणि हो, अडीच हे क्षेत्रफळ आहे, व्यास नव्हे.