मराठीचा शो सकाळी सव्वादहाला का? : घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटी ग्रुपवरची चर्चा

बी-५०३: उद्या आईला नवीन मराठी सिनेमाला न्यायचं होतं. ॲप उघडलं तर आपल्या जवळच्या मल्टिप्लेक्सला दोनच शो, सकाळी सव्वादहा आणि दुपारी पावणेचार. संध्याकाळी एकही नाही. सिनेमा लागून अजून दोन दिवस नाही झाले हो! ठाण्यात कुठे संध्याकाळचा शो दिसला तर प्लीज सांगा.

ए-९०१: ताई, मुलुंडला ७:२० चा आहे. पण पुढच्या दोनच रांगा उरल्यात.

बी-५०३: बघ, म्हणजे संध्याकाळचा शो भरतोय की.

डी-१०२: रविवारी संध्याकाळी मुलुंड म्हणजे कापूरबावडीलाच अर्धा तास जाणार. आईंना नाही झेपायचं.

ए-९०१: कुणाला आवडणार नाही, पण बोलतो. मल्टिप्लेक्सवाल्यांचा तो धंदा आहे. लोक ज्याला येतात त्याला ते शो देतात. 'धुरंधर' २१४ मिनिटांचा, वर ए सर्टिफिकेट, म्हणजे मुलांना घेऊन जाता येत नाही, तरी लोक गेलेच ना? 'सैयारा'त तर दोन्ही नवे चेहरे. कुणी ओळखत नव्हतं. भारतातच ३०० कोटींच्या पुढे गेला. मेनस्ट्रीम सिनेमा संपला म्हणून रडणाऱ्यांनी २०२५ चे हे दोन सिनेमे बघावेत. मराठीने असं खेचून दाखवावं, शो आपोआप मिळतील.

सी-२०४: खेचून दाखवलंय रे बाबा. २०१६ ला 'सैराट' आला, त्यातही दोन्ही चेहरे नवेच होते. १०० कोटींचा टप्पा गाठणारा तो पहिला मराठी चित्रपट. २०२३ ला 'बाईपण भारी देवा', २०२५ ला 'दशावतार', ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांच्या खांद्यावर. प्रेक्षक नाही असं म्हणू नकोस.

ए-९०१: काका, दहा वर्षांत तीन नावं झाली.

सी-२०४: जेवून लिहितो. हा विषय एका ओळीत मावणारा नाही.

डी-१०२: 'बाईपण'चं नाव निघालं म्हणून. आमचं भजनी मंडळ गेलं होतं, दुसरा आठवडा, दुपारचा शो. पाऊस मरणाचा. नऊवारी, नथ, गजरे, सगळा जामानिमा. मंगळागौरीचा खेळ सुरू झाला आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी उठून पडद्यासमोर गेल्या. सून पदर ओढतेय, 'आई, बसा, लोक बघतायत', आणि आजी म्हणतात, 'बघू देत, मी पण तेच बघायला आलेय.' मग कोण बसतंय! निम्मं थिएटर फुगड्या घालत होतं. डोअरकीपर टॉर्च घेऊन आला आणि दाराशीच उभा राहिला. घरी टीव्हीवर नंतर पुन्हा बघितला. सिनेमा तोच, पण तशी मजा आली नाही.

बी-५०३: काकू, आईला हेच हवंय हो. चारचौघांत बसून बघायचं.

बी-११०४: मला वेगळं बोलायचंय. शो मिळाले तरी चौघांनी जायचं कसं? तिकिटं, ॲपचं शुल्क, पॉपकॉर्न, पार्किंग धरून दोन हजारांच्या घरात जातो आम्ही. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी ५ टक्के झाला, पण त्याच्या वर १८ टक्केच. शनिवारी संध्याकाळी शंभरचं तिकीट मिळतं कुठे? महिन्यातून एकच सिनेमा परवडत असेल तर माणूस सगळ्यात मोठाच निवडणार.

ए-९०१: हेच म्हणतोय मी. मोठा पडदा, मोठा आवाज, मोठा हिरो. छोटा सिनेमा ओटीटीवर येईलच की दोन महिन्यांत.

ई-६०३: मी मूळचा त्रिशूरचा, पण जन्म गेला ठाण्यात, म्हणून दोन्हीकडचं बघत आलोय. मल्याळम 'मंजुम्मेल बॉईज' २०२४ चा. कोडाईकनालच्या गुहेत एक मित्र पडतो आणि बाकीचे त्याला काढतात. एवढीच गोष्ट. त्यात नावाजलेला सुपरस्टार कुणी नाही. जगभरात २०० कोटींच्या वर गेला. केरळात सरकारच्या चित्रपट महामंडळाची स्वतःची थिएटरं आहेत, तिरुवनंतपुरमला कैरळी, श्री, नीला. छोट्या सिनेमाला उभं राहायला जागा मिळते. महाराष्ट्रासारख्या श्रीमंत राज्यात हे का होत नाही, मला खरंच कळत नाही.

डी-१०२: आपल्या घाणेकर नाट्यगृहात लहान प्रेक्षागृह आहे की. तिथे नाटकाच्या तारखा नसतील तेव्हा दाखवा मराठी सिनेमे.

बी-११०४: त्याला योग्य प्रोजेक्टर, साउंड, परवाना सगळं लागेल. पण महापालिकेला पत्र द्यायला काय हरकत आहे?

सी-२०४: झालं जेवण. आता लिहितो, जरा लांबेल.

नोकरीची बरीच वर्षं मी लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगमध्ये एका वितरकाकडे काढली. तेव्हा ठाण्यात गणेश, अशोक, प्रभात, वंदना, आनंद, मल्हार अशी एक पडद्याची थिएटरं होती. पहिले चार दिवस धंदा थंड असला तर मालक कुरकुर करायचा, पण सिनेमा बरा आहे असं बाहेर बोललं जाऊ लागलं की आठवडा वाढवून द्यायचा. बायका दुपारच्या शोला बघून यायच्या, चाळीत सांगायच्या, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गर्दी वाढायची. सिनेमाला वेळ मिळायचा. मला जे म्हणायचंय ते एवढंच. तो वेळ आता कुणालाच मिळत नाही, आणि मराठीला तर मुळीच नाही.

कसं झालं ते सांगतो. २००९ ला हिंदी निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्स यांचं भांडण पेटलं. एप्रिलपासून जवळजवळ दोन महिने मोठा नवा हिंदी सिनेमा मल्टिप्लेक्सला दिलाच नाही. शेवटी तडजोड झाली, त्यात तिकिटाच्या पैशातला निर्माता-वितरकाचा वाटा ठरला: पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३०. नीट बघा. पहिल्या आठवड्याच्या रुपयात निर्मात्याचा वाटा सगळ्यात मोठा, चौथ्याच्या रुपयात सगळ्यात छोटा. मग तो काय करणार? पहिल्याच आठवड्यात, त्यातही शुक्रवार ते रविवार, मिळतील तेवढे पडदे घेणार आणि जाहिरातीचा सगळा दारूगोळा तिथेच उडवणार. एकेका मल्टिप्लेक्समध्ये एकाच सिनेमाचे दिवसाला वीस-वीस शो लागतात ते यामुळे. आणि सोमवारी सकाळी आकडे बघून ज्याची खुर्ची रिकामी त्याचा शो कापला.

आता तीन दिवसांत माणूस घराबाहेर काढायचा तर सिनेमा कसा बनवणार? कानठळ्या बसतील असा. रक्ताचा. हळूहळू उलगडणारी, बायकोने नवऱ्याला 'चल, तू पण बघ' म्हणावं अशी गोष्ट कुणाला परवडते? तुम्हाला वाटतं लोकांची आवड बदलली. मला वाटतं हिशोब बदलला आणि आवड त्याच्या मागे फरफटत गेली.

बी-११०४: काका, हे टक्केवारीचं मला माहीतच नव्हतं. रक्ताचं म्हणालात ते मात्र मनातलं. 'छावा'ला लोक आठ-आठ वर्षांच्या मुलांना घेऊन बसले होते. यूए १६+ होता तो. शेवटचे हाल बघून शेजारचं पोर आईच्या कुशीत तोंड खुपसून होतं. संभाजी महाराज कळायला हवेत, हे शंभर टक्के. पण त्यांचं संस्कृत, त्यांचं राज्य चालवणं मुलांना कधी दाखवणार?

ए-९०१: 'छावा'बद्दल नाही ऐकून घेणार. शेवटी थिएटरमधली माणसं उभी राहून घोषणा देत होती, माझ्या अंगावर काटा आला होता. आणि तो आपलाच सिनेमा आहे. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, मूळ कादंबरी शिवाजी सावंतांची.

बी-५०३: पण भाषा हिंदी.

ए-९०१: ताई, बजेट तिथे आहे. आदित्य सरपोतदारचं बघा. २०२२ ला 'झोंबिवली' केला, डोंबिवलीतले झोंबी, मराठीत. किती जणांनी बघितला? २०२४ ला त्याच माणसाने 'मुंज्या' केला, कोकण, पिंपळ, मुंज, सगळं आपलंच, फक्त हिंदीत. देशभर चालला. मग त्याने मराठीत का थांबावं?

सी-२०४: थांबू नयेच. पण तुझ्याच उदाहरणात माझं म्हणणं आहे. पिंपळावरचा मुंज्या देशाला आवडला. म्हणजे गोष्टीत कमी नव्हती. कमी पडद्यांत होती. आणि 'तुंबाड' घे. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ऑक्टोबर २०१८ ला लागला आणि बघता बघता उतरला. सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लावला तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई. सिनेमात एक फ्रेमसुद्धा बदलली नव्हती, मधल्या सहा वर्षांत लोकांनी एकमेकांना सांगितलं होतं. '१२वी फेल'ही तसाच, आठवड्यामागून आठवडा वाढत गेला. पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याला वेळ मिळाला म्हणून तुला त्याचं नाव माहीत आहे. ज्यांना नाही मिळाला त्यांची नावं आपण दोघंही घेऊ शकत नाही.

डी-१०२: किती खरं बोललात.

ए-९०१: मान्य, 'तुंबाड'चा मुद्दा दमदार आहे. पण मराठी निर्मात्यांचं काय? १ मे २०२५ ला 'आता थांबायचं नाय' आणि 'गुलकंद' एकाच दिवशी. १२ सप्टेंबरला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट', तिन्ही एकदम. पडदे आधीच कमी, त्यात घरचेच एकमेकांच्या वाटणीत. इथे हिंदीने काय केलं?

सी-२०४: इथे तुझ्या बाजूने आहे मी. सुट्टी दिसली की सगळे त्याच तारखेवर उडी मारतात. तारखा आपसांत बोलून ठरवायला कुणाचा कायदा लागत नाही.

बी-११०४: कायद्यावरून आठवलं, सरकारचा नियम आहे ना मराठीला प्राइम टाइम देण्याचा?

सी-२०४: एप्रिल २०१५ ला जाहीर झाला. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले होते, चहूबाजूंनी ओरड झाली, मग दुपारी १२ ते रात्री ९ केलं. म्हणजे पावणेचारचा शोही प्राइम टाइमच. बी-५०३ च्या ताईंनी लिहिलेल्या दोन शोंपैकी दुसरा कागदावर अगदी नियमात बसतो. नोकरी करणारा माणूस त्यावेळी ऑफिसात असतो, हे कागदाला कोण सांगणार. ती ओरड झाली नसती आणि ६ ते ९ च राहिलं असतं तर आज ही चर्चाच नव्हती.

ई-६०३: काका, एक विचारू? समजा संध्याकाळचा शो दिला आणि शंभरातल्या पंधराच खुर्च्या भरल्या, तर थिएटरने किती दिवस चालवायचा?

सी-२०४: योग्य प्रश्न. दोन आठवडे. चारशे शो नकोत, मोजके द्या, पण संध्याकाळी द्या आणि दोन आठवडे हलवू नका. एवढ्या वेळात चांगला सिनेमा स्वतःचा माणूस शोधतो. नाही शोधला तर उतरवा, मी रडणार नाही. मराठी आहे म्हणून वाईट सिनेमाला खांदा द्या, असं मी कधीच म्हणणार नाही. पाचकळ विनोद आणि लंडनमध्ये अनुदानाच्या आशेने केलेली शूटिंगं बघून मी स्वतः मध्यंतरात उठून आलोय.

बी-५०३: आणि आम्ही काय करायचं ते पण सांगा. नुसतं हळहळून काय होणार?

सी-२०४: पुढच्या शुक्रवारचं वेळापत्रक साधारण सोमवार ते बुधवारात ठरतं. थिएटरच्या मॅनेजरला सोमवारीच गाठायचं आणि सांगायचं, पुढच्या रविवारी संध्याकाळी इतकी तिकिटं आम्ही आत्ता पैसे भरून घेतो, शो लावा. 'बाईपण'च्या वेळी बायकांच्या मंडळांनी एकगठ्ठा बुकिंग करून हेच केलं होतं. आपल्या पाच विंग आहेत. ॲपवर नुसतं 'इंटरेस्टेड' दाबून काही होत नाही.

डी-१०२: भजनी मंडळाच्या अकरा धरा. पण सातच्या आधी नको, दिवाबत्ती असते.

बी-११०४: आमचे चार. सिनेमाला यू किंवा यूए ७+ सर्टिफिकेट आहे ना तेवढं बघा.

ई-६०३: आमचे तीन. इंग्रजी सबटायटल्स आहेत का विचाराल? सासूबाईंना मराठी समजतं, पण ग्रामीण बोली भरभर बोलली की अडतात.

बी-५०३: मी सकाळी गुगल शीट टाकते, विंगप्रमाणे नावं भरा. पैसे आधी लागतील.

ए-९०१: सोमवारी ऑफिसला जाताना मीच मॅनेजरला भेटतो, वाटेतच आहे. माझे दोन धरा. पण काका, माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. आपण साठ तिकिटं काढून एक शो उभा करू, तो साठ जणांचा शो झाला. 'सैयारा'ला कुणी शीट फिरवली नव्हती. कॉलेजची पोरं पहिल्या शोला गेली, रडतानाची रील्स टाकली आणि संध्याकाळी पुढची पोरं आली. मराठी सिनेमाने अठरा-वीस वर्षांच्या मुलामुलींसाठी गेल्या काही वर्षांत किती गोष्टी केल्या, सांगा. 'सैराट' त्यांचा होता, म्हणून तो गाजला. त्यानंतर बहुतेक सिनेमे आईबाबांसाठी आणि आजीआजोबांसाठी.

सी-२०४: हे मात्र तू नेमकं बोललास, आणि माझ्याकडे याला उत्तर नाही. उद्या क्लबहाउसमध्ये भेट, चहा घेऊ. तुझ्या वयाच्या दोघा-तिघांना घेऊन ये. तुम्हाला कोणत्या गोष्टी मराठीत बघायच्या आहेत ते मला ऐकायचंय.

ए-९०१: साडेनऊला येतो.