मदत हवी आहे: दादाच्या अंत्यविधीसाठी जमलेले पैसे अडकलेत, लवकर सांगा

धाकटी
नमस्कार. लांबण लावत नाही. दादा नऊ दिवसांपूर्वी गेला, अचानक. अंत्यविधी झाला. व्यवस्था पाहणाऱ्यांचं निम्मं बिल अजून द्यायचंय आणि त्यांनी शुक्रवारची मुदत दिलीये. ऑनलाइन वर्गणीचं पान उघडलं होतं, थोडे पैसे जमलेत, पण काढायला गेलं की 'पडताळणी अपूर्ण' एवढंच येतं. शिवाय तिसऱ्या दिवसापासून एक पैसा आलेला नाही. दादाला ओळखणारे पाचशे लोक तरी असतील. मजकुरात काय चुकतंय? पैसे कसे काढू? कृपया सांत्वन नको, ते खूप झालं.

वहीखाते
पान कोणाच्या नावाने आहे? बँक खातं कोणाचं जोडलंय? बिलावर नाव कोणाचं? आणि मजकूर इथे डकवा. त्याशिवाय कोणी काय सांगणार?

तिरकस
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. अंत्यविधीसाठी लोकांपुढे हात पसरणं मला पटत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे अशा वेळीही लागू आहे.

खडूफळा
तिरकस, माणूस अचानक गेलाय, बिल येऊन पडलंय. अंथरुणाचं माप आता सांगून काय उपयोग?
धाकटी, आमचा एक सहकारी गेला तेव्हा आम्ही पान-बिन काही उघडलं नव्हतं. एकाने वही घेतली, दुसऱ्याने फोन लावले. दोन संध्याकाळी गेल्या. वहीत पुढून नाव आणि रक्कम, मागून त्या माणसाने सांगितलेली आठवण. ज्यांना पैसे देणं जमलं नाही तेही मागच्या बाजूला आले. हिशोब पुरा झाल्यावर पुढची पानं फाडली आणि वही त्याच्या बायकोला दिली. तुम्हीही वहीच करा.

वहीखाते
हिशोबाची पानं फाडली? सर, तीच तर जपायची असतात.

खडूफळा
कोणी किती दिले हे त्या बाईंना आयुष्यभर कशाला दिसायला हवं?

धाकटी
वही वगैरेला वेळ नाही हो, शुक्रवार आहे. पान दादाच्याच नावाने आहे, त्याच्यासाठीच आहे ना. खातंही त्याचंच जोडलं. बिल वहिनीच्या नावावर. मजकूर: 'आमच्या लाडक्या दादाला अखेरचा निरोप देण्यासाठी सढळ हाताने मदत करा.' खाली त्याचा आणि माझ्या भाचीचा फोटो.

मनमोकळी
सांत्वन नको म्हणालात म्हणून फक्त मजकुराबद्दल बोलते. 'लाडक्या दादाला' वाचून मला काहीच दिसत नाही. कसा होता तो? काय करायचा? एखादी बारीकशी गोष्ट लिहा, जी फक्त त्याचीच असेल. आणि भाचीचा फोटो तिच्या आईला विचारून टाकलाय ना?

वहीखाते
थांबा. 'दादाच्या नावाने' म्हणजे शीर्षकात त्याचं नाव, की पान उघडणारी व्यक्ती म्हणूनच तो?

धाकटी
माझ्या फोनची स्क्रीन फुटलीये. त्याचा फोन माझ्याकडे होता, पासवर्ड माहीत होता. त्याच्याच ईमेलने पान उघडलं, त्याच्या फेसबुकवर टाकलं आणि त्याच्या व्हॉट्सॲपवरून सगळ्यांना पाठवलं. सगळे संपर्क तिथेच होते. यात एवढं काय?

बिनतारी
अहो! गेलेल्या माणसाच्या नंबरावरून पैसे मागणारा निरोप! ज्यांना बातमी माहीत होती त्यांना वाटलं फोन चोराच्या हाती लागला. ज्यांना माहीत नव्हती त्यांना वाटलं खातं हॅक झालं. मजकूर कितीही चांगला असता तरी कोणी दिले नसते.

तिरकस
मीही दिले नसते.

धाकटी
दोघांनी 'कोण भामटा आहे हा' असं लिहिलं होतं. मी त्यांना ब्लॉक केलं. त्यातला एक दादाचा शाळेपासूनचा मित्र आहे. अरे देवा.

वहीखाते
आता पडताळणीचं कोडंही सुटलं. साइट पान उघडणाऱ्याचं ओळखपत्र मागते, आणि ते नाव बँक खात्याशी जुळावं लागतं. तुमच्या बाबतीत ती व्यक्ती हयात नाही. त्याचं ओळखपत्र तुम्ही चढवू नका, तो तोतयेपणा होईल, हेतू कितीही चांगला असो. त्याच्या खात्यातही हे पैसे नेऊ नका. मृत्यूची नोंद झाली की बँक खातं गोठवते, मग वर्गणीचे पैसेही वारसाच्या कागदपत्रांत अडकतील.
आज हे करा. साइटच्या मदत विभागाला खरं काय झालं ते लिहा, मृत्यूचा दाखला जोडा, देणाऱ्यांचे पैसे परत करून पान बंद करायला सांगा. नवं पान तुमच्या स्वतःच्या नावाने आणि ईमेलने उघडा. बहुतेक मोठ्या साइटांवर पान चालवणारा एक आणि पैसे घेणारा लाभार्थी दुसरा असं ठेवता येतं. लाभार्थी म्हणून वहिनींना जोडा, पैसे तुमच्या हातून जायलाच नकोत. वहिनींना हे सगळं माहीत आहे ना?

धाकटी
नाही.

मनमोकळी
मग आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. साइट-बिट नंतर.

नीरव_७
एवढा व्याप कशाला? दादाचा पासवर्ड माहीत आहे तर एटीएमचा पिनही माहीत असेल. बँकेला कळायच्या आत काढून घ्या, सगळे हेच करतात. आम्हीही केलं.

वहीखाते
सगळे करतात आणि मग वारसांत भांडणं लागली की एटीएमच्या कॅमेऱ्यातलं चित्र निघतं. हा सल्ला कृपया कोणी ऐकू नका. पैसे गेलेल्या माणसाचे असले तरी ते आता त्याच्या वारसांचे असतात, पिन ठाऊक असणाऱ्याचे नव्हेत. पण नीरव यांच्यामुळे एक आठवलं. वहिनींनी बिल आणि दाखला घेऊन बँकेत जावं. अंत्यविधीचा वाजवी खर्च मृताच्या मालमत्तेतून इतर कर्जांच्या आधी भागवायचा, असं बऱ्याच देशांचा कायदा मानतो. ब्रिटनमध्ये तर खातं गोठलेलं असतानाही अनेक बँका बिल पाहून अंत्यविधी करणाऱ्यांना थेट पैसे देतात. तुमच्या बँकेत चालतं का ते विचारायला काय जातं? कदाचित वर्गणीची गरजच उरणार नाही.

नीरव_७
आमच्यात भांडण झालं नाही.

सातासमुद्रापार
अमेरिकेत 'फ्युनरल रूल' नावाचा नियम १९८४ पासून लागू आहे. अंत्यविधी करणाऱ्याला बाबवार दरपत्रक हातात द्यावंच लागतं, आणि पेटी दुसरीकडून आणली म्हणून तो जास्त पैसे लावू शकत नाही. तुम्ही तिथल्या खात्याकडे तक्रार करा.

धाकटी
मी अमेरिकेत नाही. पेटीचा विषयही नाही.

सातासमुद्रापार
माहितीसाठी सांगितलं. तरी बाबवार बिल मागाच. आमच्या वेळी एकच बाब दोन नावांनी दोनदा लागली होती. मुदतीबद्दलही बोला. थोडे आत्ता, बाकी महिन्याभरात, असं लेखी मागितलं तर बरेचदा मान्य करतात.

बिनतारी
फोन तुमच्याकडे आहे म्हणून सांगतो, पैशांपेक्षा हे घाईचं आहे. व्हॉट्सॲप वापराविना पडून राहिलं तर साधारण १२० दिवसांनी खातं पुसलं जातं. बंद झालेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. त्याआधी त्याची व्हॉइस मेसेजं, फोटो बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवा. चॅट मीडियासकट एक्स्पोर्ट करता येते. फेसबुकला दाखला पाठवून खातं स्मरणार्थ करून घेता येतं, मग त्यात कोणालाच लॉगिन करता येत नाही, म्हणजे तुम्हालाही नाही. हवं ते आधी उतरवून घ्या. २०१५ पासून तिथे आपल्यामागे खातं सांभाळणारा वारस नेमायची सोय आहे, पण तो माणसाने जिवंतपणीच नेमायचा असतो. गूगलची तशी सोय २०१३ची, ॲपलची २०२१ची. वाचणाऱ्या सगळ्यांनी आजच करून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

तिरकस
धागा कुठून कुठे चालला? बाईंना पैसे हवेत, तुम्ही आम्हाला मरायच्या तयारीला लावताय.

मनमोकळी
बिनतारी बरोबर सांगताहेत. माझ्या बाबांचा आवाज फक्त एका मेसेजमध्ये होता. 'गेटला कडी लाव', एवढंच. फोन बदलताना गेला.

खडूफळा
वही केली असती तर शब्द तरी राहिले असते. वहीच करा.

धाकटी
(दोन दिवसांनी) वहिनीला सांगितलं. आधी चिडली, भाचीच्या फोटोवरून जास्त. मग म्हणाली बँकेत जाऊ. बँकेने थेट बिल भरायला नकार दिला, पण दादाच्या एका ठेवीवर तिचं नामनिर्देशन निघालं, तिला माहीतच नव्हतं. त्याला वेळ लागेल. बिलवाल्यांनी बाबवार यादी दिली, दोनदा काही लागलेलं नव्हतं, पण मुदत महिनाभर वाढवली. साइटने पैसे परत केले. नवं पान माझ्या नावाने, लाभार्थी वहिनी. हा मजकूर:

'मी त्याची धाकटी बहीण. दादाच्या नंबरावरून आलेला निरोप मीच पाठवला होता. दचकवल्याबद्दल माफ करा. दादा खरंच गेला. अंत्यविधीचं निम्मं बिल बाकी आहे, तेवढेच पैसे हवेत, आकडा आणि बिल खाली आहे. तो आकडा पुरा झाला की पान बंद होईल. खात्री करायची असेल तर वहिनीला फोन करा. दादा नवा दिवा लावला की त्यावर बारीक पेनाने तारीख लिहायचा. घरातला, जिन्यातला, कोणाच्याही घरचा. किती दिवस चालला ते मोजायला. तुमच्याकडे त्याने लावलेला दिवा असेल तर नक्की कळवा. पैसे नसले तरी चालेल.'

ब्लॉक केलेल्या मित्राला स्वतः फोन केला. तो आधी काही बोललाच नाही, मग खूप बोलला. आता त्यानेच पुढचे फोन करायचं अंगावर घेतलंय.

वहीखाते
उत्तम. एकच, बऱ्याच साइटांवर देणाऱ्यासमोर साइटसाठीची ऐच्छिक रक्कम आधीच भरून येते. ती शून्य करता येते हे मजकुरात घाला.

मनमोकळी
कोणी कळवलं का दिव्याचं?

धाकटी
घातलं, धन्यवाद. अकरा जणांनी फोटो पाठवलेत. नऊ दिवे गेलेले आहेत, तरी लोकांनी काढले नव्हते. शेजारच्या काकांच्या जिन्यातला अजून चालू आहे, तारीख चार वर्षांपूर्वीची. खडूफळा सर, वही आणलीये. फक्त मागची बाजू वापरतेय.

तिरकस
एलईडी असेल. साधा दिवा चार वर्षं टिकत नाही.